शोणभद्राची परीक्षा

दगडाला वास असतो का? प्रश्न पोरकट वाटेल, पण न्याय-वैशेषिक परंपरेत त्यावर गंभीरपणे वाद झाला आहे. वैशेषिकांनी जगातल्या द्रव्यांची विभागणी करताना पृथ्वीची ओळख गंध या गुणावर ठरवली. जिथे गंध, तिथे पृथ्वी. त्यावर आक्षेप आला: दगड तर पृथ्वीचाच, पण नाकाला लावला तर काहीच जाणवत नाही. लक्षण एका दगडावर अडलं तर सगळी द्रव्यव्यवस्थाच डळमळते. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याचं उत्तर मिळतं. दगडात गंध आहे, पण तो अनुत्कट आहे, इंद्रियाला कळावा इतका प्रकट नाही. पुरावा काय? दगड भाजून त्याचं भस्म केलं की भस्माला वास येतो, आणि भस्मातलं द्रव्य दगडातूनच आलेलं असतं.

मराठी मुलखातल्या पोरांनी हा पुरावा न भाजताच मिळवलेला आहे. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की आत पिवळसर उजेड चमकतो आणि जळकट वास येतो. आजचं विज्ञान त्या वासाचा अर्थ वैशेषिकांसारखा लावणार नाही. पण दगडाला नाक लावून बघावं, तो भाजून बघावा आणि मगच त्याच्याविषयी बोलावं, ही जुनी शिस्त मोलाची आहे. दगडाविषयीचे आपले धार्मिक वाद बहुतेक वेळा दगडाकडे न बघताच होतात, म्हणून ती आठवायची.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास बघायला दगड भरपूर आहे. सगळा जिल्हा काळ्या बेसाल्टवर बसलेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, आणि थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून आणि भेगांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. सिलिका साचत गेली. कुठे अकीक झाला, कुठे कॅल्सेडोनी, कुठे चर्ट, कुठे जॅस्पर. भोवतीचा बेसाल्ट हवापाण्यानं कुजून काळी माती होतो, हे खडे मात्र कुजत नाहीत. ते सुटतात, ओढ्यात येतात आणि गोदावरी-प्रवरेच्या पात्रात गोटे होऊन पडतात. पैठणच्या परिसराला तर या खड्यांनी दूरचं नाव मिळवून दिलं होतं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या मालात पट्टेदार अकिकाचा, ऑनिक्सचा, उल्लेख आहे. तो माल वीस दिवसांच्या वाटेनं बंदराला पोचायचा.

नदीच्या वाळवंटात उभं राहून जॅस्पर ओळखायचा तर रंगावर विसंबता येत नाही. या जिल्ह्यात लाल गोष्टी पुष्कळ आहेत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा दिसतो, तो बोल. नखानं खरवडला तरी त्याची भुकटी निघते. वेरूळच्या घृष्णेश्वराचं मंदिर लालसर दगडाचं आहे, तोही जॅस्पर नव्हे. नदीत झिजलेला विटेचा तुकडाही लांबून फसवतो. तेव्हा रंग शेवटी बघायचा, आधी दगडाची फूट बघायची. जॅस्पर आणि चर्ट काचेसारखे फुटतात: शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, वळ्यावळ्यांचा खोलगा आणि हाताला कापेल अशी धार. उघड्या डोळ्यांना त्यात कण दिसत नाहीत. लोखंडी चाकूची रेघ ओढली तर दगडावर ओरखडा पडत नाही, उलट चाकूचंच पोलाद करड्या रेघेच्या रूपानं दगडावर उतरतं आणि बोटानं पुसलं जातं. काठिण्य साडेसहा ते सात आहे, चाकूचं साडेपाचच्या आसपास. चिनीमातीच्या फरशीच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासला तर जॅस्पर स्वतःचा रंग सोडत नाही. बोल लगेच लाल रेघ ओढतो. आम्लाचा थेंब टाकला तर चुनखडक फसफसतो, चर्ट गप्प राहतो. बेसाल्टचा गोटा हातात जड लागतो, आणि पुष्कळदा चुंबक त्याला हलकेच धरू पाहतो.

या कसोट्यांवर जॅस्पर आणि चर्ट दोघंही उतरतात. मग एकाला दुसऱ्यापासून वेगळं कसं करायचं?

इथे भूविज्ञान जे सांगतं ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला फार आवडावं. दोघांचं द्रव्य एकच, सूक्ष्मस्फटिकी सिलिका. चर्टमध्ये लोहाची बारीक भुकटी पुरेशी मिसळून तो लाल, पिवळा किंवा तपकिरी आणि पूर्ण अपारदर्शक झाला की त्याला जॅस्पर म्हणायचं. पातळ कडेला विजेरी धरली आणि उजेड आत उतरला तर आपण कॅल्सेडोनीकडे सरकलो. पट्टे दिसले तर अकीक. पण एकाच गोट्याचं एक टोक जॅस्पर आणि दुसरं कॅल्सेडोनी असं सर्रास आढळतं, आणि मधे रेघ मारायला जागा नसते. सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्सेडोनीचे तंतू आणि चर्टचे कण वेगळे दिसतात खरे, पण तिथेही एक दुसऱ्यात विरत जातो. किती लोह मिसळल्यावर चर्टचा जॅस्पर होतो? याचं उत्तर निसर्गानं दिलेलं नाही. ते अभ्यासकांनी आपसात ठरवलं आहे.

संभाजीनगरात हा प्रश्न निघाला की नागसेनवनाची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली इथे महाविद्यालय काढलं. त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. पाली ‘मिलिंदपञ्हा’तला ग्रीक राजा मिलिंद आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू नागसेन यांची ही नावं आहेत. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस रथ आहे का? चाकं? जू? यातलं एकेकटं काहीच रथ नाही, आणि हे सगळं बाजूला काढलं तर रथ म्हणून वेगळं काही उरत नाही. रथ हे व्यवहारातलं नाव आहे. जॅस्परलाही हे जसंच्या तसं लागू पडतं. सिलिका जॅस्पर नाही, लोह जॅस्पर नाही, दोघांच्या पलीकडे जॅस्परपणा नावाची तिसरी वस्तू सापडत नाही.

पण इथेच थांबणं घाईचं ठरेल. नाव आपण दिलं असलं तरी फूट आपण दिलेली नाही. सगळ्या अभ्यासकांनी उद्या ठराव केला तरी बोल काचेसारखा फुटणार नाही आणि जॅस्पर नखानं खरवडला जाणार नाही. नावांच्या सीमा माणसाच्या आहेत, आणि ज्या गुणांवरून त्या आखल्या ते गुण माणसाचे नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरल्याशिवाय दगडाचा विचार नीट होत नाही, आणि देवाच्या दगडाचा तर मुळीच होत नाही.

ही फूट माणसाला फार आधी कळली होती. शहरापासून नगरच्या रस्त्यानं साठेक किलोमीटरवर प्रवराकाठी नेवासे आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या पथकानं तिथे उत्खनन केलं. प्रवरेच्या जुन्या थरांत दोन काळांची हत्यारं मिळाली. आधीच्या काळातल्या हातकुऱ्हाडी डोलेराइटसारख्या भरड, काळ्या दगडाच्या, मोठ्या आणि वजनदार. नंतरची हत्यारं लहान, मुख्यतः तासण्या, आणि दगड बदललेला: चर्ट, जॅस्पर, अकीक, कॅल्सेडोनी. मध्य पुराश्मयुगातल्या या हत्यारपरंपरेला सांकलियांनी नेवाशाचंच नाव दिलं. त्या माणसांकडे सिलिका हा शब्द नव्हता, काठिण्याचा तक्ता नव्हता. तरी त्यांनी नदीतल्या असंख्य गोट्यांतून नेमके हेच उचलले, कारण कुठे मारलं तर कसा छिलका निघेल हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. ओळख म्हणजे पुढे काय होईल ते आधी जाणणं, असं धरलं तर ते लोक जॅस्परचे पक्के जाणकार होते. पुढे ताम्रपाषाण काळात याच नेवाशात, जोर्वे संस्कृतीच्या घरांत, कॅल्सेडोनीची नाजूक पाती तयार होत होती. तांबं माहीत झाल्यावरही ती सुटली नाहीत.

त्याच नेवाशात शके १२१२ला, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली. एकाच गावाच्या मातीत जॅस्परची तासणी आणि ज्ञानेश्वरांचा पैसखांब असावा, या योगायोगावर फार भार टाकू नये. पण ज्ञानेश्वरांनी दगडाकडे लक्षपूर्वक पाहिलं होतं हे मात्र नक्की. ‘अनुभवामृता’च्या नवव्या प्रकरणात त्यांनी एक दृष्टांत दिला आहे: एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढावा, तसा भक्तीचा व्यवहार एकपणातही का घडू नये? आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या वेरूळच्या कैलासासमोर हा दृष्टांत आठवला की तो शब्दशः डोळ्यांपुढे येतो. शिखर, नंदी, हत्ती, गाभाऱ्यातलं लिंग, सगळा एकच बेसाल्ट, वरून खाली कोरत आणलेला. तिथे पूज्य आणि पूजक यांच्यात द्रव्याचा भेद नाही, फक्त आकाराचा आहे. हे बेसाल्टमध्येच जमतं. जॅस्परचा एवढा डोंगर नसतो, आणि असता तरी लोखंडी छिन्नीला तो असा वळला नसता. दृष्टांताला अनुरूप दगड लागतो. तो ज्ञानेश्वरांच्या मुलखात होता.

आता देवघराकडे. मराठी स्मार्त घरांतल्या पंचायतनात पाच देव पाच दगडांच्या रूपानं बसतात. विष्णू म्हणजे गंडकीचा शाळिग्राम, शंकर म्हणजे नर्मदेचा बाण, सूर्य म्हणजे स्फटिक, देवी म्हणजे सुवर्णमुखी नदीतला सुवर्णमाक्षिकाचा खडा, आणि गणपती म्हणजे शोण नदीतला तांबडा दगड, शोणभद्र. पुष्कळ घरांत हा तांबडा दगड नर्मदेतून आलेला असतो आणि त्याला नर्मद्या गणपती म्हणतात. शोणभद्र नीट पाहिला तर तो बहुतेक वेळा जॅस्पर निघतो. नर्मदेचे पुष्कळसे बाण चर्ट, जॅस्पर, अकीक याच कुळातले असतात. शाळिग्राम मात्र अगदी वेगळा. काली गंडकीच्या काळ्या शेलमधल्या गाठीत जपलेला तो अमोनाइटचा, म्हणजे समुद्रातल्या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे.

मातीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करावी लागते आणि विसर्जनही. शाळिग्राम आणि बाण यांना परंपरा प्रतिष्ठेची गरज मानत नाही. देव तिथे आधीपासूनच आहे. यामागचा विचार नीट तपासला पाहिजे. मातीला देवपण मंत्रानं येतं, या दगडांना उगमानं. म्हणजे कुठला दगड, कुठल्या नदीचा, हा प्रश्न परंपरेनेच महत्त्वाचा केला आहे. दगड दगडच, कुठलाही चालतो, ही भूमिका भक्ताची नाही. ती देवघराकडे बाहेरून बघणाऱ्याची आहे.

त्यामुळे देवाची परीक्षा कशाला, ही हरकतही पटत नाही. परंपरा उगमावर उभी असेल तर उगम तपासणं हा तिचा अपमान कसा होईल? आज बाणांचा बाजार मोठा आहे. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावी नर्मदेतले दगड यंत्रावर घासून लंबगोल करणं हा कित्येक घरांचा व्यवसाय आहे. त्या कारागिरांचं कसब खरं आहे आणि दगडही नर्मदेचाच आहे. पण नदीनं घडवलेला आणि चाकावर घडलेला यांतला फरक घेणाऱ्याला कळायला हवा. रंग लावलेला संगमरवर जॅस्पर म्हणून विकला गेला तर तो फरक त्याहून मोठा. यासाठी देवावर चाकू ओढायची गरज नाही. विजेरीचा उजेड पुरतो, भिंग पुरतं, आणि वजन. दगड आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबता ठेवून तोलायचा. पाण्यात जेवढं वजन घटलं त्यानं हवेतल्या वजनाला भागायचं. उत्तर २.६च्या आसपास आलं तर दगड सिलिकेच्या कुळातला असण्याचा संभव मोठा. लोह जास्त असेल तर आकडा थोडा वर जातो. बेसाल्ट बहुधा २.८ ते ३च्या दरम्यान निघतो. संगमरवराचा आकडा २.७ म्हणजे फार जवळचा असतो, तिथे मात्र भिंगाखाली चकाकणारे कण शोधावे लागतात. अभिषेकाच्या पाण्यात हे सगळं शुचिर्भूतपणे करता येतं.

याच मराठवाड्यानं दगडाच्या पावित्र्याचा अगदी दुसरा विचारही केला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा वावर पैठणात आणि गोदाकाठी होता. त्यांचा महानुभाव पंथ देवतांची पूजा मानत नाही. पण स्वामी जिथे बसले तिथे ओटा बांधून ते स्थान नमस्कारायचं, आणि त्यांचा स्पर्श झालेले पाषाण जपून त्यांना नमस्कार करायचा, ही पंथाची रीत आहे. इथे दगड कुठल्या खनिजाचा हे सर्वस्वी गौण ठरतं. तो बेसाल्टचा असो की चर्टचा, त्याचा स्वामींशी संबंध आला होता की नाही एवढंच महत्त्वाचं. मुस्लिम घरांत जपून ठेवलेल्या आजोबांच्या अकिकाच्या अंगठीत द्रव्य आणि संबंध दोन्ही एकत्र येतात: अकिकाचं धार्मिक मोल वेगळं आणि आजोबांचं बोट वेगळं.

शोणभद्राची ओळख प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी पटवता येईल. महानुभावांच्या पाषाणाची नाही. त्याला कुणाचा स्पर्श झाला हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाही, कारण ती गोष्ट दगडात नाहीच. ती दगड आणि माणूस यांच्यामध्ये घडली. तिला भ्रम म्हणायचं कारण मात्र नाही. चकमकीचं उदाहरण घ्यावं. चर्टवर पोलाद आपटलं की ठिणगी उडते आणि अग्नी दगडात दडला होता असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात दगडाची धार पोलादाचा सूक्ष्म कीस काढते आणि तो तापलेला कीस हवेत पेट घेतो. ठिणगी एकट्या दगडात नव्हती, एकट्या पोलादातही नव्हती. पण ती उडाली आणि कापूस पेटला, याबद्दल वाद नाही. भक्ताला दगडासमोर जे जाणवतं ते असंच दोघांच्या भेटीतून घडत असेल, तर दगड फोडून आत देव सापडला नाही एवढ्यानं काहीच खोटं ठरत नाही. तसंच, देव जाणवला म्हणून दगडाचा चर्टपणाही संपत नाही.

जैन विचार याहून एक पाऊल पुढे जातो. त्याच्या मते दगड स्वतःच सजीव आहे. पृथ्वीकायिक जीव ही तिथली एक मूलभूत कोटी आहे, आणि उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात तिचे प्रकार मोजले आहेत: माती, खडे, वाळू, शिळा, मीठ, धातू, आणि पुढे स्फटिक, मरकत, वैडूर्य अशी रत्नंसुद्धा. जमिनीत असतो तोवर खडक सजीव. खोदला, कापला, भाजला की अचित्त, म्हणजे निर्जीव. वेरूळच्या जैन लेण्यांतल्या इंद्रसभेत उभ्या राहणाऱ्या साधूला भोवतीच्या शिल्पाचं सौंदर्य आणि ते कोरताना झालेली हिंसा, दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. विज्ञानाच्या अर्थानं चर्टमध्ये चेतना नाही. पण जीवनाशी त्याचं नातं विलक्षण आहे. समुद्रतळावरचा पुष्कळसा चर्ट रेडिओलॅरियासारख्या सूक्ष्म जीवांच्या सिलिकेच्या सांगाड्यांतून झाला आहे. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या काळात जी तळी होती, त्यांचा गाळ सिलिकेनं घट्ट होऊन चर्ट बनला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलान इथल्या अशा चर्टमध्ये वनस्पतींच्या पेशी न् पेशी टिकल्या आहेत, आणि बिरबल सहानी यांनी दख्खनच्या या वनस्पतींचा पायाभूत अभ्यास केला. कॅनडातल्या गनफ्लिंट चर्टमध्ये तर सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव दिसतात. जिवंतपणाचा इतका जुना आणि इतका बारीक पुरावा दुसऱ्या फार थोड्या दगडांनी सांभाळला आहे. म्हणून निर्जीवतेचं उदाहरण द्यायला माणसं दगडाकडे बोट दाखवतात तेव्हा किमान चर्ट तरी वगळावा.

आता एक अगदी व्यवहारातला प्रश्न उरतो, आणि तो आजच्या शहरातल्या पुष्कळ घरांपुढे आहे. वाडा मोडतो, फ्लॅट येतो, मुलं पुण्याला किंवा परदेशी जातात, आणि पंचायतनाची रोजची पूजा करणारं कुणी राहत नाही. मग देव वाहत्या पाण्यात सोडायचे असा प्रघात आहे. पैठणच्या घाटावर असा एखादा शोणभद्र गोदावरीत जातो. काही पावसाळ्यांनंतर कुणी भूविज्ञानाचा विद्यार्थी तो वाळूतून उचलेल. फूट बघेल, काठिण्य बघेल, घनता काढेल आणि वहीत लिहील: जॅस्पर, तांबडा, गोलसर, स्थानिक बेसाल्टच्या पोकळीतला. खनिजाचं नाव अचूक असेल. उगम चुकलेला असेल, कारण हा दगड अमरकंटकाच्या बाजूनं वाहणाऱ्या शोणेचा आहे आणि कुणाच्या तरी पणजोबांनी तो पायी आणला होता. विद्यार्थी चिकाटीचा असेल, त्यानं दगडाचा पातळ छेद घेतला आणि त्यातल्या लोहाची ठेवण दख्खनच्या जॅस्परशी ताडून पाहिली, तर हा पाहुणा आहे अशी शंका त्याला येऊ शकेल. पिढ्यान्पिढ्या त्याच्यावर जे गंध लागलं त्याचा मात्र पहिल्या पुरानंतर मागमूसही उरलेला नसेल. म्हणून देव सोडण्याआधी घरातल्या जाणत्यांनी निदान एक चिठ्ठी लिहून ठेवावी: दगड कुठला, कुणी आणला, कुठे सोडला. नोंद दोन ओळींची आहे, आणि ती करायला भक्त किंवा भूवैज्ञानिक असण्याची अट नाही.